लिनक्सवरचा फोल्डर विंडोजला उघडेना, तेव्हा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी जकार्डची, म्हणजे मागावर विणल्या जाणाऱ्या नक्षीची, डिझाइनं करतो. फायली उबुंटूच्या (लिनक्सचाच एक प्रकार) कॉम्प्युटरवर असतात, उघडायच्या विंडोजवरून, मध्ये सांबा, म्हणजे लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला दाखवणारं सॉफ्टवेअर. गेल्या आठवड्यात नवा विंडोज कॉम्प्युटर जोडला आणि ‘ॲक्सेस डिनाइड’. खाली मागावर बीम (ताण्याच्या सुताचं रीळ) चढलेलं, कारागीर डिझाइनसाठी खोळंबलेला.

नेटवर्कच्या यादीत कॉम्प्युटर दिसत नाही, याला फार महत्त्व देऊ नका. विंडोजच्या रनमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन थेट आयपी पत्ता टाका. उघडलं, तर अडचण फक्त नावाची. तरीही सापडत नसेल तर सांबा चालू आहे का ते बघा, मग फायरवॉल. उबुंटूवर ‘सुडो यूएफडब्ल्यू अलाउ सांबा’ दिलं की सांबाला लागणारा पोर्ट ४४५ मोकळा होतो.

पासवर्ड पुन्हापुन्हा मागतोय? सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. ‘सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी -ए’ आणि पुढे युजरचं नाव, असा तो घालावा लागतो. विंडोज जुनं लॉगिन-नाव धरून बसलं असेल तर १२१९ नंबरची एरर येते. ‘नेट यूज’ने जुनी जोडणी काढा, क्रेडेन्शियल मॅनेजरमधली नोंदही पुसा.

आमचं दुखणं मात्र वेगळंच होतं. पासवर्ड घेतला, शेअरचं नाव दिसलं, आत जाऊ देईना. फोल्डरची परवानगी मी तीनदा बघितली, बरोबर होती. मग ‘नेमआय -एल’ने फोल्डरपर्यंतच्या पूर्ण वाटेवरच्या परवानग्या तपासल्या. फोल्डर माझ्या होममध्ये, म्हणजे युजरच्या खासगी फोल्डरात, आणि उबुंटू २१.०४ पासून नव्या युजरच्या होमला ७५० परवानगी असते, म्हणजे मालक आणि त्याचा ग्रुप सोडून बाकीच्यांना आत शिरता येत नाही. म्हणजे खोली उघडी, वाड्याचा दरवाजा बंद! फोल्डर ‘एसआरव्ही’खाली हलवला, डिझाइनवाल्यांचा एक ग्रुप केला, फोल्डर त्या ग्रुपच्या नावे करून २७७० परवानगी दिली (मालक आणि ग्रुपला सगळं, बाकीच्यांना काही नाही, नव्या फायलीही त्याच ग्रुपच्या) आणि सांबाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये नवी वाट लिहिली.

७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, देऊन मोकळं होऊ नका, कळकळीने सांगतो. त्या मशिनवरचा कुठलाही युजर वर्षभराची डिझाइनं पुसू शकतो. तसंच एसएमबी १, म्हणजे फायली शेअर करायची जुनी पद्धत, चालू करू नका. २०१७ साली वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच्यातल्याच भोकातून पसरला.

उघडतंय पण सेव्ह होत नाही, तर सांबाच्या फाइलमध्ये ‘रीड ओन्ली’ नो करा. एकाची फाइल दुसऱ्याला सेव्ह होत नसेल तर नव्या फायलींची परवानगी ठरवणारं ‘क्रिएट मास्क’ ०६६० ठेवा. ‘टेस्टपार्म’ चालवून त्या फाइलमधल्या चुका बघा, सांबा रीस्टार्ट करा आणि त्याच माणसाच्या लॉगिनने एक रिकामी फाइल बनवून पुसून बघा.