इमॅजिकाला जाताना मुक्कामाला चूल पेटेल अशी जागा कशी शोधावी

खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन पार्कच्या आसपास राहायची जागा शोधायला बसलं की 'किचनसह बंगला' अशा डझनभर जाहिराती समोर येतात. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी स्वयंपाक करता येत नाही. ओटा असतो, सिंक असतं, फोटोत फळांची परडीही असते. सिलिंडर मात्र केअरटेकरच्या खोलीत असतो आणि जेवण माणशी दराने त्यांच्याकडूनच घ्यावं लागतं. म्हणून खोल्या, गॅलरी, डोंगराचा देखावा हे सगळं नंतर. चौकशी चुलीपासून सुरू करायची.

त्याही आधी, मुक्कामाची गरज आहे का ते बघा. पनवेल, कळंबोली, खारघरहून द्रुतगती मार्गाने निघून खालापूरला उतरायचं आणि पाली रस्त्याला लागायचं, एवढाच प्रवास आहे. एकाच दिवसाचं तिकीट असेल तर या मंडळींनी सकाळी भरपेट खाऊन निघावं आणि रात्री घरी झोपावं. मुक्काम परवडतो तो थीम पार्क आणि वॉटर पार्क असे दोन दिवस करायचे असतील तेव्हा, किंवा घोडबंदरकडून आजी-आजोबा आणि लहान मुलं घेऊन निघायचं असेल तेव्हा, किंवा गावाहून पाहुणे आले आहेत आणि सगळे मिळून आठ-दहा जण झाले आहेत तेव्हा.

किचनसाठी किती जास्त पैसे मोजावेत याचा हिशेब कागदावर करा. पार्कमध्ये बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, त्यामुळे दुपारचं जेवण आतच होणार. किचनमुळे वाचतात ते नाश्ते आणि रात्रीची जेवणं. सहा जण, दोन रात्री. समजा बाहेर रात्रीचं जेवण माणशी ३५० रुपये आणि नाश्ता १२० रुपये. दोन-दोन वेळचे मिळून माणशी ९४०, म्हणजे सहा जणांचे ५,६४०. घरून नेलेला किराणा, दूध, भाजी धरून स्वतः केलं तर समजा १,८०० लागले. उरले ३,८४०, म्हणजे रात्रीला साधारण १,९००. हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षा किचनवाला बंगला रात्रीला याहून जास्त महाग पडत असेल, तर पैशाच्या हिशेबाने किचनचा उपयोग नाही. बाळाला मऊ भात हवा किंवा आजोबांना पथ्याचं लागतं, असं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे किचन पैशात मोजू नये.

कुठे शोधायचं

पार्क खालापूर तालुक्यात सांगडेवाडीला, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. गाडी नसेल तर खोपोली शहरात राहा. मुंबई-ठाण्याहून थेट खोपोलीच्या लोकल आहेत, पण मोजक्या; नाहीतर कर्जतला गाडी बदलायची आणि पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत खोपोली. शहरात रोजच्या भाड्याने मिळणारे फ्लॅट असतात आणि भाजी, दूध, औषधं पायी मिळतात. पार्कला जाताना रिक्षा मिळते, खरी पंचाईत परतताना होते. ज्यांनी सोडलं त्याच रिक्षावाल्या दादांशी परतीची वेळ आणि भाडं सकाळीच ठरवून त्यांचा नंबर घ्या.

गाडी असेल तर पाली रस्त्यावरची गावं, म्हणजे परळी, जांभूळपाडा हा पट्टा, सोयीचा. संध्याकाळी थकून आल्यावर मुलं गाडीत झोपायच्या आत घर येतं. दुकानं मात्र लवकर बंद होतात, म्हणून सामान बरोबर हवं. कर्जतला निवड सगळ्यात मोठी, पण जाहिरातीतलं 'इमॅजिकाजवळ' तिथे फार सैल असतं: आधी कर्जत ते खोपोली पंधरा किलोमीटर, मग पुढे पार्क. मालकाकडून लोकेशन मागवा आणि पार्कच्या गेटपर्यंतची मिनिटं स्वतः नकाशावर बघा. लोणावळ्यात बंगले पुष्कळ, पण दोन दिवस घाट चढ-उतार करून पार्क गाठणं लहान मुलांना झेपत नाही. पाली आणि महड इथे भाविकांसाठी राहण्याची स्वस्त सोय मिळते. ती दर्शनाला येणाऱ्यांसाठी आहे, स्वयंपाकाच्या हिशेबात धरू नका. आणि हो, तारीख ठरवताना पंचांग उघडा. बल्लाळेश्वर आणि वरदविनायक दोन्ही याच भागात असल्याने संकष्टीला, विशेषतः अंगारकीला आणि माघी गणेशोत्सवात रस्ता आणि खोल्या दोन्ही भरलेले असतात.

भाडं सगळ्यात जास्त वाढतं ते स्विमिंग पूलमुळे. तुम्ही वॉटर पार्कला जाणारच आहात, मग पूल नसलेला बंगला शोधा. भाडं उतरतं, आणि तुम्ही ओट्यापाशी असताना चार वर्षांचं मूल पाण्याकडे गेलं तर, ही भीतीही उरत नाही.

दुसरी बचत वाराने होते. शनिवार-रविवारचे पाहुणे रविवारी सकाळी जातात आणि बंगला आठवडाभर रिकामा राहतो. रविवारी संध्याकाळी पोचायचं, सोमवारी थीम पार्क, मंगळवारी वॉटर पार्क करून परत, असा बेत ठेवला तर मालक भाव कमी करायला तयार असतात. शिवाय रविवारी संध्याकाळी गर्दी मुंबईकडे येणारी असते, तुम्ही उलट दिशेने जाता. त्या दोन्ही दिवशी दोन्ही पार्क चालू आहेत ना, हे पार्कच्या वेबसाइटवर आधी पाहून घ्या. शनिवारच्या पाहुण्यांनंतर ओटा आणि फ्रिज साफ करून ठेवायला फोनवर स्पष्ट सांगा.

फोनवर काय विचारायचं

'किचन आहे का?' असं विचारलंत तर उत्तर 'आहे' असंच येईल. त्याऐवजी असं विचारा: 'काका, स्वयंपाक आम्हीच करणार आहोत, चालेल ना? सिलिंडर भाड्यात आहे का? कुकर, तवा, परात आहे का? मासे-मटण शिजवलेलं चालतं का?' शेवटचा प्रश्न राहिला तर कोलंबीची पिशवी हातात घेऊन दारात उभं राहायची वेळ येते. काही सोसायट्यांत आणि बंगल्यांत मांसाहाराला पूर्ण मनाई असते.

गॅसचे वेगळे पैसे मागितले तर घासाघीस करा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि चौकोनी कुटुंबाला तो साधारण महिनाभर जातो, म्हणजे दिवसाला अर्धा किलोच्या आसपास. दोन दिवसांत सहा जणांच्या स्वयंपाकाला दीड किलो पुष्कळ झाला. यापेक्षा कितीतरी जास्त पैसे मागत असतील तर ते किचन वापरू न देण्याचेच पैसे आहेत. स्वतःचा छोटा सिलिंडर नेण्याचा विचार सोडून द्या: लोकलमध्ये त्याला बंदी आहे आणि उन्हात उभ्या गाडीत तो ठेवणं धोक्याचं.

काही ठिकाणी 'गॅस नाही, इंडक्शन आहे' असं सांगतात. मग दोन गोष्टी विचारा. स्वयंपाकघरात १६ अँपिअरचं मोठं सॉकेट आहे का? दोन हजार वॉटची इंडक्शन पावणेनऊ अँपिअरच्या आसपास करंट ओढते. ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर लावली तर प्लग तापतो, वास येतो आणि शेवटी वायर जळते. आणि वीज गेली तर काय? पावसाळ्यात या पट्ट्यात वीज जाते, आणि इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, इंडक्शन चालत नाही. इंडक्शनवर घरचा ॲल्युमिनियमचा कुकरही चालणार नाही, तळाला लोहचुंबक चिकटेल अशीच भांडी लागतात.

एप्रिल-मेमध्ये पाण्याचा प्रश्न गॅसइतकाच मोठा. टाकी बोअरवेलवर आहे की टँकरवर, आणि प्यायचं पाणी वेगळं आहे का, हे विचारा. नसेल तर २० लिटरचे दोन जार आधी सांगून ठेवा.

बोलणं पक्कं झालं की सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. मसुदा साधारण असा: 'नमस्कार. रविवार संध्याकाळी ६ ते मंगळवार सकाळी १०. मोठी ४, मुलं २ (वय ९ आणि ४). एकूण भाडं इतकं, ॲडव्हान्स इतका, डिपॉझिट इतकं (निघताना परत). गॅस, दोन बर्नरची शेगडी, भांडी भाड्यात. स्वयंपाक आम्ही करणार, नॉनव्हेज चालेल. विजेचे वेगळे पैसे नाहीत. बरोबर असल्यास तसं कळवा.' मुलांची वयं लिहायची ती मुद्दाम, कारण पाच वर्षांवरच्या मुलाला पूर्ण माणूस धरून ऐन वेळी पैसे वाढवले जातात.

ॲडव्हान्स देण्याआधी व्हिडिओ कॉल करा आणि केअरटेकरला शेगडी पेटवून दाखवायला सांगा. या एका गोष्टीने दोन्ही शंका फिटतात, जागा खरी आहे का आणि चूल चालू आहे का. इन्स्टाग्रामवरचे चोरलेले फोटो दाखवून पैसे घेणारे पुष्कळ आहेत. फोटो गुगल लेन्सवर टाकले की तोच बंगला दुसऱ्या नावाने अलिबागला सापडतो. यूपीआयवर दिसणारं नाव मालकाच्या नावाशी जुळत नसेल तर थांबा. संपूर्ण रक्कम आधी मागणाऱ्याला नाही म्हणा. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा. जितकी लवकर कराल तितकी रक्कम खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. ओळखपत्र म्हणून आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत पाठवा, ती आधारच्या वेबसाइटवर मिळते.

ॲपवरून बुक करताना पहिल्या पानावरच्या भाड्यात जीएसटी आणि ॲपचं शुल्क बहुतेकदा धरलेलं नसतं. शेवटचा आकडा पाहूनच तुलना करा. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग खोलीला १८ टक्के.

वेळेचा मेळ हाही एक मोठा घोळ आहे. बहुतेक बंगले दुपारी बारा-एकला ताब्यात देतात आणि सकाळी दहा-अकराला रिकामे करून घेतात. पार्क उघडायची वेळही साधारण तीच. त्यामुळे पार्कच्या दिवशी सकाळी पोचून 'आधी रूमवर सामान टाकू' असं ठरवलंत तर अर्धा दिवस गेला. आदल्या संध्याकाळी पोचणं हाच उपाय.

काय न्यायचं, काय शिजवायचं

मालकाकडे कुकर असला तरी त्याची शिट्टी किंवा रिंग जागेवर असतेच असं नाही. स्वतःचा पाच लिटरचा कुकर, धारेची सुरी, लायटर, पोळपाट-लाटणं, सांडशी, भांडी घासायचा साबण आणि दोन जुनी फडकी न्या. पहिल्या रात्रीच्या पोळ्या घरूनच. पाऊण किलो कणकेच्या पंचवीसेक होतात. बरोबर पिठलं किंवा बटाट्याची भाजी. दुसऱ्या रात्री कोणाच्याही पायात त्राण नसतं, म्हणून मुगाची खिचडी: सहा जणांना ४५० ग्रॅम तांदूळ, २०० ग्रॅम मूगडाळ. हे एका डब्यात घरीच निवडून, हळद-मीठ घालून तयार ठेवा आणि वर तूप, पापड, लोणचं. नाश्त्याला एका वेळी साधारण ४५० ग्रॅम पोहे पुरतात. सकाळी पोटभर नाश्ता झाला की पार्कमधलं दुपारचं जेवण आपोआप हलकं होतं. भाकऱ्या हव्या असतील तर केअरटेकरच्या घरी ताई-मावशी करून देतात का विचारा. नगावर पैसे आधी ठरवा.

पोचल्यावर सामान उतरवायच्या आधी सिलिंडर बघा. ओलं फडकं त्याच्या अंगावरून वरपासून खालपर्यंत फिरवा. वरचा भाग पटकन सुकतो आणि खाली ओलसर पट्टा रेंगाळतो. तो पट्टा जिथपर्यंत, तिथपर्यंत गॅस. पट्टा तळाशी चार बोटंच असेल तर दुसरा सिलिंडर तेव्हाच मागा, रात्री नऊला नाही. मग रेग्युलेटरच्या आणि नळीच्या जोडावर साबणाचा फेस लावा. बुडबुडे फुगले तर रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडा, काडी पेटवू नका, वीजेचं बटण दाबू नका आणि केअरटेकरला बोलवा. नळी फार जुनी नाही ना, हेही तिच्यावर छापलेल्या वर्षावरून बघून घ्या.

पावसाळ्यात भाडी उतरतात, आणि डोंगराच्या कुशीतले, ओढ्याकाठचे बंगले सगळ्यात स्वस्त होतात. तिथे मुलांना घेऊन राहू नका. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने जांभूळपाड्यात हाहाकार उडवला आणि जुलै २०२३ मध्ये याच खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी रात्रीत दरडीखाली गेली. रायगडला रेड अलर्ट असेल तर बुकिंग पुढे ढकला, आणि तारीख एकदा बदलून मिळेल ही अट व्हॉट्सॲपच्या त्याच मेसेजमध्ये घाला.

निघताना रेग्युलेटर बंद करून, घासलेल्या भांड्यांचा आणि ओट्याचा एक फोटो घ्या, केअरटेकरसमोर खोल्या फिरून दाखवा. डिपॉझिट त्याच वेळी यूपीआयवर परत मागा आणि ते खात्यात आल्यावर मग किल्ली द्या.