पारदर्शक इमेजमागे पांढरा चौकोन का येतो? या चुका टाळा

क्रोममध्ये लोगो नीट दिसतो, पण एखाद्या जुन्या आयपॅडवर त्याच लोगोमागे पांढरा चौकोन येतो. राग ब्राउझरवर निघतो. माझ्या अनुभवात मात्र दोष बहुतेक वेळा फाईलमध्ये किंवा ती पोहोचवणाऱ्या कोडमध्ये सापडतो. म्हणून आधी डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडा आणि त्या ब्राउझरला नेमकी कोणती फाईल मिळाली ते बघा.

एचटीएमएलच्या पिक्चर टॅगमध्ये एकाच चित्राच्या वेगवेगळ्या फाईल देता येतात; त्यातले सोर्स वरून खाली तपासले जातात आणि ब्राउझर त्याला समजणारा पहिला फॉरमॅट उचलतो. वर वेबपी (पारदर्शकता साठवणारा हलका फॉरमॅट) आणि शेवटच्या इमेज टॅगमध्ये जेपीजी असेल, तर वेबपी न समजणाऱ्या ब्राउझरच्या वाट्याला जेपीजी येते. जेपीजीत पारदर्शकता साठवायची सोयच नाही, मग चौकोन येणारच. फायरफॉक्सला वेबपी २०१९ मध्ये आवृत्ती ६५ पासून आणि सफारीला २०२० मध्ये आवृत्ती १४ पासून कळू लागली. त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी शेवटी पीएनजीच ठेवा. जेपीजीचं नुसतं नाव बदलून पीएनजी केल्याने काहीही होत नाही. अपलोड करताना साइटचं ऑप्टिमायझेशन प्लगइन गुपचूप जेपीजी बनवत नाही ना, हेही तपासा.

सगळ्यात जास्त छळते ती कडेची पांढरी रेघ. एकदा गडद निळ्या फूटरवर मी एक गोल लोगो लावला आणि त्याच्याभोवती मळकट पांढरी कड उमटली. सीएसएसमध्ये बॉर्डर शोधण्यात अख्खी दुपार गेली. शेवटी फाईल ८०० टक्के मोठी करून पाहिली, तेव्हा कडेचे पिक्सेल निळे नव्हे तर फिकट राखाडी निघाले. गोलाकार कड मऊ दिसावी म्हणून तिथले पिक्सेल अर्धपारदर्शक असतात. लोगो आधी पांढऱ्यावर सपाट करून मग पांढरा रंग खोडला, की त्या पिक्सेलमध्ये पांढरा मिसळलेलाच राहतो. पांढऱ्या पानावर तो लपतो, गडद पानावर उघडा पडतो. खोडरबर फिरवत बसू नका. मूळ लेयरवाल्या फाईलकडे परत जा, मागचा लेयर बंद करा आणि तिथून नव्याने एक्सपोर्ट करा.

जीआयएफमध्ये ही अडचण मुळातच आहे. तिथे पिक्सेल एक तर पूर्ण दिसतो, नाहीतर पूर्ण गायब होतो; मधलं काही नाही. जीआयएफ वापरावीच लागली, तर एक्सपोर्ट करताना मॅटचा, म्हणजे कडेच्या पिक्सेलमध्ये मिसळायचा रंग पानाच्या बॅकग्राउंडचाच निवडा. नेहमीच्या अल्फा चॅनलवाल्या (प्रत्येक पिक्सेलची पारदर्शकता वेगळी साठवणाऱ्या) पीएनजीत पारदर्शकतेच्या २५६ पायऱ्या असतात, म्हणून सावल्या आणि धूसर कडा तिच्यातच शोभतात. ही पीएनजी इंटरनेट एक्सप्लोरर ६ ला झेपत नसे, म्हणून त्या काळात सीएसएसमध्ये मायक्रोसॉफ्टचा अल्फा इमेज लोडर नावाचा फिल्टर लिहावा लागायचा. २००६ च्या आवृत्ती ७ ने ती गरज संपवली. तो कोड अजून कुठे पडून असेल, तर बिनधास्त काढून टाका.

कधीकधी पारदर्शकता ठीक असते, पण इमेजमधला निळा आणि पानाचा निळा जुळत नाहीत, तेही काहीच ब्राउझरमध्ये. बऱ्याचदा पीएनजीत गॅमा (उजळपणाची नोंद) किंवा रंगांची प्रोफाईल (रंग कसे दाखवायचे याची माहिती) शिरलेली असते आणि तिचा अर्थ प्रत्येक ब्राउझर आपल्या परीने लावतो. फाईल एसआरजीबी या वेबच्या नेहमीच्या रंगपद्धतीत बदला, मग गॅमाची नोंद आणि प्रोफाईल काढून सेव्ह करा.

एसव्हीजी (कोडमध्ये लिहिलेलं चित्र) थेट उघडली आणि चित्राऐवजी कोड दिसला, तर सर्व्हर चुकीचा कंटेंट टाइप, म्हणजे फाईलचा प्रकार सांगणारी नोंद, पाठवतोय. तो सुधारला की काम झालं.

कॅनव्हासवरची (पानावर कोडने चित्र काढायच्या जागेवरची) पारदर्शक इमेज जेपीजी म्हणून सेव्ह केली, तर मागचा भाग काळा होतो, कारण पारदर्शक पिक्सेल काळ्यावर मिसळले जातात. आधी पांढरा आयत भरा, मग त्यावर इमेज काढा; किंवा पीएनजी निवडा.

डार्क मोडमध्ये काळी अक्षरं दिसेनाशी होतात, तो तर डिझाइनचाच प्रश्न. पिक्चर टॅगमध्ये डार्क मोडसाठी वेगळा सोर्स देता येतो, तिथे पांढऱ्या अक्षरांची प्रत लावा.

आता मी प्रत्येक लोगोसाठी एक चाचणीचं पान ठेवतो. त्यात पांढरा, काळा आणि भडक गुलाबी असे तीन पट्टे आणि तिन्हींवर तीच इमेज. पांढऱ्यावर दबलेली कड गुलाबीवर लगेच डोळ्यात भरते.