झोटेरोतून येणारी एपीए यादी चुकते तेव्हा

झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने एपीए या संदर्भशैलीच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे केलेल्या संदर्भयादीतली चूक वर्डमध्ये हाताने सुधारू नका. रिफ्रेश होताच ती परत येते. दुरुस्ती झोटेरोतल्या मूळ नोंदीतच करायची.

सर्वात त्रास देतात संस्थांची नावे. 'भारतीय रिझर्व्ह बँक' दोन रकान्यांत विभागली गेली, की 'बँक' आडनाव ठरते आणि नोंद भलत्याच अक्षराखाली जाते. लेखकाच्या रकान्याशेजारचे बटण दाबून तो एकच रकाना करा. नाव पूर्ण छापले जाते.

दुसरे, इंग्रजी शीर्षके. लेख आणि पुस्तकांच्या शीर्षकात पहिला शब्द, अपूर्णविरामानंतरचा शब्द आणि विशेषनामे एवढ्यांनाच मोठे अक्षर. नियतकालिकाच्या नावात मात्र सगळ्या मुख्य शब्दांना. झोटेरो हे आपोआप करत नाही. शीर्षकावर राइट-क्लिक करून 'सेंटेन्स केस' निवडा, मग विशेषनामे नजरेखालून घाला. बरेचदा तीही लहान होतात.

लेखाचा खंड तिरप्या अक्षरात, अंक कंसात सरळ. तसे दिसले नाही तर बहुधा 'खंड १२, अंक ३' असे सगळे एकाच रकान्यात भरलेले असते. प्रकाशनाचे शहर २०१९ पासून लागत नाही, तरी काही मार्गदर्शक ते अजून मागतात.