आधी धातू शोधा, मग वृत्त मोजा

इंदूरच्या मराठी घरांत हा घोळ नेहमीचा. आजी 'उपहारगृह' म्हणते आणि हिंदी शाळेत जाणाऱ्या नातवाला भेटवस्तूंचं दुकान वाटतं. शब्दांच्या मुळाशी जायला आणि मग मुलांना वृत्त, म्हणजे कवितेच्या ओळीचा ठरलेला लघु-गुरू साचा, शिकवायला याहून चांगली सुरुवात नाही.

१. वहीत मधोमध 'हृ' लिहा. हा संस्कृत धातू, म्हणजे क्रियापदाचं मूळ; अर्थ नेणे, आणणे. त्याला उपसर्ग लावत जा: आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. 'उप' म्हणजे जवळ. जवळ आणून ठेवलं तो उपहार, म्हणजे भेट; फराळ मात्र 'उपाहार', म्हणजे उप + आहार, धातू तोच. नातवाचा अर्थ बरोबर, आजीच्या शब्दाला फक्त एक काना हवा: 'उपाहारगृह'! पुढे 'कृ' आणि 'गम्' घ्या.

२. प्रत्येक शब्दाला संस्कृत धातू चिकटवू नका. 'सराफा' (सोन्याचांदीचा बाजार; इंदुरात रात्री तिथेच खाऊगल्ली भरते) आणि 'जिलेबी' अरबी-फारसीकडून आलेत. शंका आली की व्युत्पत्ती देणारा शब्दकोश उघडा.

३. आता लघु-गुरू. ऱ्हस्व अक्षर लघु, एक मात्रा; दीर्घ अक्षर गुरू, दोन मात्रा. अनुस्वार किंवा विसर्ग असलेलं अक्षरही गुरूच. पुढच्या जोडाक्षराचा आघात आला तरी गुरू: 'गर्दी'तला 'ग' पाहा. 'पुन्हा', 'तुम्ही' यांत मात्र आघात येत नाही, म्हणून 'पु' आणि 'तु' लघुच. इथे नियमापेक्षा कानावर भरवसा ठेवावा.

मूळ शब्द इथेही उपयोगी पडतो. आपण 'कवी' दीर्घ लिहितो, पण मूळ 'कवि', म्हणून 'कविता', 'कविराज' ऱ्हस्व. 'वी' दोन मात्रांचा, 'वि' एका मात्रेचा. वेलांटी चुकली की ओळ लंगडते.

४. भुजंगप्रयातापासून सुरुवात करा; मनाचे श्लोक पाठ असतील तर चाल तोंडात असतेच. गण म्हणजे तीन अक्षरांचा गट; इथे चार 'य' गण, म्हणजे लघु-गुरू-गुरू चार वेळा. अक्षरं १२, मात्रा २०. सरावाला ही इंदुरी ओळ घ्या:

सराफ्या । त रात्री । मिळाली । जिलेबी

टाळी देत म्हणा, तुकडे आपोआप पडतात. मग दुसरी ओळ जोडा:

सकाळी । पुन्हा ते । च पोहे । जिलेबी

वृत्त चोख आहे, पण 'जिलेबी'ला 'जिलेबी' हे काही यमक नव्हे. तेवढी दुरुस्ती मुलांकडून करून घ्या.