निवृत्तीनंतर अंध विद्यार्थ्यांसाठी वाचन करायचं असेल तर

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी अंध विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून दाखवते. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात कुणी 'वेळ आहे, पण काय करावं कळत नाही' म्हटलं, की मी हेच काम सुचवते. पुण्यात त्याला माणसं कायम हवी असतात. शाळेत असेपर्यंत मुलांचं निभावतं. कोरेगाव पार्कात मुलांची अंधशाळा आहे, कोथरूडला मुलींची. खरी ओढाताण सुरू होते ती कॉलेजात गेल्यावर. पुस्तकं जाडजूड, ब्रेलमध्ये मिळत नाहीत, नोट्स कुणाच्या तरी हस्ताक्षरातल्या, आणि घर दूर कुठल्यातरी तालुक्याला. निवांत अंध मुक्त विकासालयासारखी संस्था शाळेनंतरच्या याच मुलांसाठी काम करते. आपल्या जवळच्या कॉलेजात चौकशी केली तरी गरजू विद्यार्थी भेटतो.

नवीन येणाऱ्यांपैकी बरेच जण आधी विचारतात, 'परीक्षेत पेपर लिहायला बसू का?' इथे एक नियम माहीत हवा. विद्यार्थी स्वतःचा लेखनिक आणतो तेव्हा त्या लेखनिकाचं शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा कमी असावं लागतं. म्हणजे बी.ए.च्या मुलीसाठी आपण पदवीधर मंडळी सहसा चालत नाही. म्हणून नाराज होऊ नका. पेपर तीन तासांचा असतो आणि त्याला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. पण त्याआधीचा अख्खा अभ्यास कुणीतरी वाचून दाखवल्याशिवाय होत नाही. तिथे आपण हवे असतो.

वाचन म्हणजे कथाकथन नव्हे. आवाजात चढउतार करून, मध्ये स्वतःचं मत घालून वाचलं की मुलं वैतागतात, फक्त बोलत नाहीत. पानावर जे आहे ते, सरळ, एकाच वेगात वाचायचं. सुरुवातीला पुस्तकाचं नाव, प्रकरण आणि पान क्रमांक सांगायचा. मथळा आला की 'मथळा' म्हणायचं, कंस उघडला-मिटला तेही सांगायचं. परकी नावं एकदा अक्षरं सोडवून सांगायची, नाहीतर उत्तरपत्रिकेत ती चुकीची उतरतात. तक्ता आला तर आधी रकाने किती आणि कशाचे ते सांगावं, मग ओळीने आकडे. आणि वाक्य कळलं नाही तरी अर्थ लावत बसू नये, परत वाचावं. अर्थ विद्यार्थी लावतो, तो अभ्यास त्याचा आहे.

आलेखांची मला फार धास्ती होती. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मागणीचा वक्र आला तेव्हा समोरच्या मुलीनेच हात पुढे केला. 'काकू, तळहातावर काढा.' मनगटापासून करंगळीच्या कडेने वर गेली ती किमतीची रेघ, मनगटालगत आडवी गेली ती नगांची, आणि मग करंगळीच्या टोकाकडून अंगठ्याच्या मुळाशी तिरकी उतरत आलेली मागणी. पुरवठ्याचा वक्र तिने स्वतःच बोटाने उलटा चढवून दाखवला आणि दोन्ही रेघा कुठे छेदतात तिथे नख टेकवलं. तेव्हापासून आकृती आली की मी आधी विचारते, 'हात देतेस का?'

जाणं-येणं झेपत नसेल तर घरबसल्या मोबाइलवर रेकॉर्डिंग करता येतं. पंखा बंद, दार लावलेलं, मोबाइल तोंडापासून वीतभर लांब. एका प्रकरणाची एक फाइल करावी आणि फाइलला प्रकरणाचंच नाव द्यावं, म्हणजे हवी ती लगेच सापडते. कॉपीराइटची भीती बाळगू नका. २०१२च्या दुरुस्तीपासून आपल्या कायद्यात अपंग व्यक्तींना वापरता येईल अशा रूपात पुस्तक करून देण्याची सोय आहे. मात्र ती त्यांच्यापुरतीच. रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकायचं नाही, की कौतुकाने नातेवाइकांच्या ग्रुपवरही नाही.

आवाज लवकर बसत असेल तर मुद्रितशोधन करा. स्कॅन केलेल्या मराठी पानांचा मजकूर तयार करताना संगणक जोडाक्षरं हमखास चुकवतो, 'ध' आणि 'घ' यांची अदलाबदल करतो. ती फाइल तशीच गेली तर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम, भलतंच वाचून दाखवतो. शुद्धलेखन पक्कं असलेल्या आपल्या पिढीला हे काम सहज जमतं, आणि मला तर ते वाचनाइतकंच मोलाचं वाटतं.

भेटीत दोन-तीन गोष्टी पाळा. खोलीत गेल्यावर आपलं नाव सांगा, उठून जाताना 'निघते' म्हणा. रस्ता ओलांडताना त्यांचा हात पकडून ओढू नका, आपलं कोपर पुढे करा, ते धरतात. त्यांच्या आंधळेपणाची कहाणी विचारू नका. 'बिच्चारा' हा शब्द तर तोंडातून जाऊच देऊ नका.

आपल्या तब्येतीचंही बघावं. सलग पाऊण तासापेक्षा जास्त वाचू नये, कोमट पाणी जवळ ठेवावं, उजेड डाव्या खांद्यावरून यावा. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर आधीच सांगून दुसऱ्या वाचकाशी गाठ घालून द्यावी. आठवड्याला दोनच तास द्या, पण ठरलेला वार चुकवू नका. त्या वारावर मुलांनी धडे लावून ठेवलेले असतात.

सुरुवात जुलै-ऑगस्टमध्ये करणं चांगलं. ऑक्टोबरात सत्र परीक्षा तोंडावर आल्या की ओळख करून घ्यायलाही कुणाला सवड नसते. पहिल्या फोनवर तीन गोष्टी सांगा: कोणत्या भाषा नीट वाचता येतात, कोणते विषय झेपतील, आणि घर कुठे आहे. शक्य तोवर तुमच्या बस किंवा मेट्रोच्या वाटेवरचाच विद्यार्थी मागून घ्या.