दोन कॉर्ड्सच्या मधला क्षण

चाळिशीनंतर गिटार हाती घेतलेल्या, दहा-बारा कॉर्ड्स (एकत्र छेडायच्या सुरांच्या जुळण्या) पाठ असलेल्या आणि तरीही एकही गाणे सलग वाजवता न येणाऱ्या माणसाला बहुधा नवी कॉर्ड शिकण्याची गरज नसते. त्याचे गाणे अडते ते एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना, आणि म्हणून रियाजही त्या क्षणाचाच करायला हवा. मी पहिले वर्षभर दर वेळी गाणे सुरुवातीपासून वाजवत असे आणि ‘सी’वरून ‘एफ’वर जाताना दर वेळी त्याच जागी थांबत असे, माझा रियाज होत होता तो थांबण्याचा, हे फार उशिरा उमगले.

गाण्यातल्या अडणाऱ्या दोनच कॉर्ड्स निवडाव्यात आणि कोणते बोट हलते, कोणते हलत नाही, हे आधी डोळ्यांनी पाहावे. ‘सी’वरून ‘ए मायनर’वर जाताना तर्जनी आणि मधले बोट जागचे हलत नाहीत, पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरची (गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांनी आखलेल्या तिसऱ्या घरातली) अनामिका तेवढी उचलून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर ठेवायची असते. तरीही अनेक जण पूर्ण पंजा उचलतात आणि तारा नव्याने शोधत बसतात. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणारे यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून प्रत्येक कॉर्डला चार ठोके द्यावेत. डावा हात वेळेवर पोहोचला नाही तरी उजवा हात थांबू देऊ नये, कारण ऐकणाऱ्याला एखादा चुकलेला सूर खटकत नाही इतकी तुटलेली लय खटकते. सलग दहा वेळा स्वच्छ जमल्यावरच वेग ६५ करावा. रोजची वीस मिनिटे रविवारच्या दोन तासांपेक्षा कितीतरी अधिक देऊन जातात.

‘एफ’ची बार कॉर्ड, म्हणजे तर्जनीने सगळ्या तारा आडव्या दाबून धरायची कॉर्ड, जमत नसेल, तर तोच आकार आधी पाचव्या फ्रेटवर धरावा, तिथे तारा दाबायला कमी जोर लागतो. तर्जनी किंचित कडेवर वळवून फ्रेटच्या पट्टीला लगटून ठेवावी. मात्र बाराव्या फ्रेटवर तारा तीन मिलिमीटरहून उंच असतील, तर दोष बोटांना न देता वाद्य दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावे. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात लाकूड फुगूनही तारा वर येतात. बोटांची टोके काही आठवडे दुखणारच, पण मनगट दुखू लागले तर त्या दिवसाचा रियाज तिथेच थांबवावा.

आपली गाणी वाजवताना आणखी एक अडचण येते. शिकवणीत मिळालेले स्ट्रमिंग (तारांवरून हात खाली-वर फिरवण्याची चाल) बहुधा चार ठोक्यांचे असते आणि अनेक भावगीते सहा मात्रांच्या दादऱ्यात असतात, त्यामुळे हात आणि गाणे दोन दिशांना जातात. अशा वेळी गिटार बाजूला ठेवून ‘धा धी ना, धा ती ना’ तोंडाने म्हणत हाताने ताल धरावा. मग पहिल्या मात्रेला जाड तार, चौथीला हलका झटका, एवढ्यावरच गाणे वाजवून पाहावे.

गाणाऱ्याने ‘काळी दोन’ (हार्मोनियमच्या दुसऱ्या काळ्या पट्टीचा सूर) मागितली, तर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, तिसऱ्या फ्रेटवर लावून ‘सी’च्याच कॉर्ड्स वाजवाव्यात, पट्टी बदलते, पण बोटांना घोटलेली वाट तीच राहते.