खडकावरून गळ टाकण्याआधी परतीची खूण ठरवा
मित्रांसोबत समुद्रात शिरलेल्या खडकांवरून गळ टाकायला जाताना माशांच्या वेळेइतकाच परतीच्या वाटेचाही विचार करावा. भरतीचे पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. जेथे दिवसातून दोनदा भरती येते, तेथे ओहोटीनंतरच्या साधारण सहा तासांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या तासातच जवळजवळ निम्मी उंची भरून निघते, आणि बहुधा तेव्हाच मासा लागू लागल्याने सगळ्यांचे लक्ष दोरीकडे असते. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या उधाणात पाणी आणखी जोराने चढते. शिवाय भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालच्या अंदाजावर विसंबू नये.

पोहोचताच, ज्या घळीतून परतायचे आहे तिच्यातील एखादा ठळक दगड हेरून ठेवावा आणि त्याच्या पायथ्याशी पाणी लागले की, गळाला मासा असला तरी, दोर गुंडाळायचा असे आधीच ठरवावे. दगडावर लक्ष ठेवण्याचे काम आळीपाळीने एकेकाकडे नेमून द्यावे, कारण चौघे असले की ‘कोणीतरी पाहत असेलच’ असे प्रत्येकाला वाटते (आणि पाहत कोणीच नसते). काळपट, बुळबुळीत खडक ओला दिसला, तर लाट तेथवर येऊन गेली आहे असे समजून त्याच्या बरेच वर उभे राहावे.